गळतीचा लाभांश

गेल्या वर्षी बाथरूम गळायला लागलं म्हणून मी माझ्याच कंपनीकडून १,८०,००० रुपये उसने घेतले आणि मार्चच्या आत परतही केले. याला आयकराच्या भाषेत लाभांश, म्हणजे भागधारकाला वाटलेला नफा, म्हणतात, हे मला परवा सीएच्या ऑफिसात कळलं. बाकावर शेजारी एक पेन्शनर काका होते. ते नसते तर अर्धं दुःख कमी झालं असतं.

"सर, तुम्ही डायरेक्टर ना? मग सहज नाही भरता येणार," सीएच्या हाताखाली आर्टिकलशिप करणारी मुलगी म्हणाली. सहज हे आयकर रिटर्नच्या फॉर्मचं नाव.

"आम्ही सहजच भरतो," काका म्हणाले. "पेन्शन आणि एफडीचं व्याज. दहा मिनिटं." कापडी पिशवीतून त्यांनी फॉर्म १६ काढला. त्याला प्लास्टिकचं कव्हर होतं.

मुलीने माझं बँक स्टेटमेंट पेन्सिलीने टोकरलं. "सर, हे एक ऐंशी. दहा टक्के किंवा त्याहून जास्त शेअर्स असलेल्याला घरच्या कंपनीने कर्ज दिलं, तर साठलेल्या नफ्याइतकं ते लाभांशच धरतात."

"अभिनंदन!" काका बाकावरून माझ्याकडे पूर्ण वळले. "लाभांश मिळाला? पेढे?"

"अहो काका, लाभांश कसला, गळती होती."

"तरी मिळाला ना?"

"परत केले मी पैसे!"

"परत केले तरी लाभांशच," मुलगी म्हणाली. "सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच सांगितलंय." तेव्हा मी दुसरीत होतो. "आणि देताना कंपनीने १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापायला हवा होता."

म्हणजे भोसरीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या माझ्या कंपनीने, म्हणजे मीच, माझे अठरा हजार कापून सरकारला भरायचे होते. दुसरी डायरेक्टर माझी बायको. तिला हे अजून सांगितलेलं नाही.

"कंपनी आमची नव्हती ते बरं," काका समाधानाने म्हणाले. "आमचा बॉस कापायचा. आपण बघायचं नाही." मग त्यांनी व्यवसाय कराचा विषय काढला. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. सगळ्यात लहान महिन्यालाच जास्त का, हे त्यांनी म्हणे नोकरीभर विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. या एका मुद्द्यावर आमचं जमलं.

पण राग जात नाही. पगार घेतला तर तो कंपनीच्या खर्चात वजा होतो आणि कर माझ्या हातात एकदाच. लाभांशाचं तसं नाही. आमच्या कंपनीच्या १०० रुपये नफ्यातले २५.१७ आधीच करात जातात. उरलेले ७४.८३ माझ्याकडे आले की ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट, म्हणजे करावरच्या उपकरासकट, आणखी २३.३५. हातात ५१.४८. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांश वाटपाचा कर कंपनी परस्पर भरायची, निदान तोंडावर कोणी मागत नव्हतं. आणि इथे तर मला ५१ रुपयेही मिळाले नाहीत. मिळाल्या त्या टाइल्स.

तेवढ्यात काकांचं झालं. दहा नाही, आठ मिनिटं. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वेळी पतपेढीतून घ्या. परका माणूस बरा."

बाथरूम पुन्हा गळतंय. प्लंबरला चेक कुठल्या खात्यातून द्यायचा ते सीए सांगेपर्यंत खाली बादली ठेवली आहे.