ट्रस्टच्या नावावर एफडी आहे, म्हणून देणगी थांबवू नका

पुण्यातल्या नाट्य-संगीताच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: सांस्कृतिक संस्था ना-नफा तत्त्वावर चालतात, तरी त्यांच्या बँकेत ठेवी आहेत, म्हणजे पैसा दाबून ठेवलाय. देणगीचा रुपयान् रुपया कार्यक्रमावरच लागला पाहिजे. आणि करसवलत असताना तिकीट कशाला? मी एका छोट्या संस्थेचे हिशेब बघते. हे वाचून माणसं हात आखडता घेतायत, म्हणून लिहिते आहे.

आधी ठेवी. ना-नफा म्हणजे शिल्लक विश्वस्तांनी वाटून घ्यायची नाही, एवढंच. दर मार्चला खातं रिकामं करा असं कुठेच म्हटलेलं नाही. आयकराच्या नियमांप्रमाणे उत्पन्नाचे 85 टक्के उद्दिष्टांवर खर्च करायचे, 15 टक्के मागे ठेवता येतात. त्याहून जास्त ठेवायचे तर कारण लेखी कळवून, 5 वर्षांपर्यंत. देणगीदाराने कायम निधीसाठी दिलेली रक्कम वेगळीच. तिच्या व्याजावर काम चालवायचं असतं. शिवाय ट्रस्टचा जादा पैसा कुठे गुंतवायचा हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचं कलम 35 सांगतं: बँक, पोस्ट, सरकारी रोखे. म्हणजे एफडी हा कायद्यानेच दाखवलेला रस्ता आहे.

आणि ती लागते. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मधले काही महिने निम्म्या खुर्च्यांवर परवानगी होती, मग परत कुलूप, ते 22 ऑक्टोबर 2021 पर्यंत. तिकीटविक्री थांबली, पण तालमीच्या जागेचं भाडं थांबलं नाही. समजा संस्थेचा वर्षाचा खर्च 12 लाख आहे. मग 6 लाखांच्या ठेवीवर ती सहा महिने तग धरेल, पुढे नाही. एरवीही नाट्यगृहाचं भाडं प्रयोगाआधी भरायचं आणि अनुदानाचा उरलेला हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, दिल्यावर येतो. तोवर कलाकारांना थांबायला सांगायचं का?

तिकिटाचा मुद्दा तर पटकन संपतो. करसवलतीने साउंडवाल्याचं बिल कमी होत नाही.

मला खरा राग येतो तो ‘रुपयान् रुपया कार्यक्रमावर’ या हट्टाचा. हिशेबनीस नको, ऑडिट वायफळ, असं म्हणणाऱ्यालाच 80जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती हवी असते. ती पावती फुकट तयार होत नाही. देणगीदारांची यादी 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे ऑनलाइन भरावी लागते. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. ऑडिट रिपोर्ट वेळेत गेला नाही तर संस्थेची करसवलतच धोक्यात येते. हे काम नीट करणाऱ्या माणसाला पगार देणं हाही कलेवरचाच खर्च आहे.

शंका जरूर घ्या. संस्थेकडे ताळेबंद आणि उत्पन्न-खर्चपत्रक मागा, म्हणजे विश्वस्तव्यवस्थेच्या नियमांतली परिशिष्ट आठ आणि नऊ. व्याज वर्षानुवर्षं साठतंय आणि कार्यक्रम मात्र होत नाहीत असं दिसलं, तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा. तशा तक्रारीला मीही पाठिंबा देईन.