माइकच्या आधी खोलीकडे बघा
घरी गाणं रेकॉर्ड करण्यावरच्या लेखात सुरुवातीलाच महागडा कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा, जास्त संवेदनशील माइक) घ्या म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. चकचकीत फरशी, काचा आणि मोकळ्या भिंती असलेल्या खोलीत तो माइक खोलीचा घुमारा, पंख्याची घरघर, खालच्या रिक्षाचा हॉर्न, सगळंच टिपतो. आईचे अभंग मी तिला कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसवून, तिच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगून रेकॉर्ड केले. माइक साधा डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील, शूअर कंपनीचा एसएम५८. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवरही (केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज) लागत नाही. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), २४ बिट रेकॉर्डिंग, आणि सर्वांत मोठा स्वर मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास (शून्याला आवाज फाटतो) राहील एवढाच गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला लावू नका. त्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही, आणि ते पटकन पेटतात.