‘प्रेसिडेंट’चे इंजिन: एक खुलासा
इंग्लंडमधील ‘प्रेसिडेंट’ ही कालवानौका 1909 पासून मूळ वाफेच्या इंजिनावर अखंड चालत आहे, असे सांगितले जाते. ते खरे नाही. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या कंपनीने ती त्या वर्षी बर्मिंगहॅमच्या सॉल्टली येथील गोदीत बांधली, हे मात्र बरोबर. बॉयलर, इंजिन आणि कोळसा मालाचीच जागा अडवत, शिवाय रात्रंदिवसच्या फेऱ्यांसाठी खलाशीही जास्त लागत, म्हणून 1925 मध्ये तिच्यात तेलावरचे इंजिन बसवले गेले. पुढे ती दुरुस्तीच्या कामांसाठी वापरली गेली आणि अखेर तिचा केवळ सांगाडा उरला. 1970च्या दशकात जीर्णोद्धार झाला, तेव्हा तिच्यात वाफेचे दुसरे इंजिन बसवण्यात आले. आज दिसणारी वाफ खरीच आहे, पण यंत्र मूळचे नव्हे.