वरून रेनकोट, आत सुटलेली नाडी

बडोद्यात मे महिन्यात पंख्याखाली बसणं म्हणजे कुणीतरी तोंडासमोर इस्त्री धरल्यासारखं, म्हणून गेल्या वर्षी दांडिया बाजारच्या घरात डक्टवाला एसी घेतला, कारण भिंतीवर ते पांढरे डबे सौ.ला नको होते. हॉलला फॉल्स सीलिंग, वर मशीन, तिथून जाळ्यांपर्यंत चंदेरी लवचीक नळ्या, दिसायला अजगर. उन्हाळा झकास गेला. आषाढ लागला आणि जिथे आमचे गणपती बसतात बरोब्बर तिथेच छतातून टप... टप.

मेकॅनिक म्हणाला, "काका, कंई वांधो नथी, वरसाद छे ने!" अरे पण वर दोन मजले भाडेकरू आहेत, पाऊस काय त्यांना चुकवून माझ्या हॉलमध्ये येतो? तरी आला, टेप मारली, गेला. चार दिवसांनी परत अभिषेक सुरू.

शेवटी मीच चढलो. सौ.चा एक हात स्टुलाला, दुसऱ्यात मोबाइल, मोबाइलमध्ये पुण्याचा चिरंजीव. जाळी काढून आत बॅटरी मारली तर नळीला घाम फुटलेला, थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला फुटतो तस्सा. टेप ओढली, तर ती न ओढताच हातात आली.

नळीला तीन थर असतात हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. आत तारेची स्प्रिंग असलेली पातळ नळी, तिच्यावर ग्लासवूलची गोधडी, सर्वात वर चंदेरी रेनकोट. आमच्या पठ्ठ्याने नुसता रेनकोट ओढून पत्र्याच्या कॉलरला, म्हणजे नळी ज्यावर बसते त्या गोल तोंडाला, टेप गुंडाळली होती, आतली नळी कॉलरवर चढलेलीच नाही! म्हणजे वरून रेनकोट टापटीप आणि आत लेंग्याची नाडी सुटलेली. थंडगार हवा गोधडीत घुसत होती आणि आम्ही बिल भरत होतो.

"बाबा, नळी कॉलरवर निदान एक इंच चढव, उशीला अभ्रा घालतो तसा."

"त्यांना अभ्रा माहीत आहे का ते आधी विचार," खालून.

मग आधी सीलंट, त्यावर नळी, त्यावर झिप टाय, आणि तो हाताने नाही, पक्कडीने ओढायचा. मग गोधडी पार कॉलरच्या बुडापर्यंत, मग रेनकोट, त्याला दुसरा टाय, कडेला फॉइल टेप. कापडी डक्ट टेप घेऊ म्हटलं तर पोरगा उसळला, म्हणे १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली लॅबने टेस्ट केल्या, डक्टवर सगळ्यात आधी सुटते ती डक्ट टेपच! नाव सोनुबाई...

शिवाय पाच फुटांच्या अंतराला नऊ फूट नळी, बाजाच्या भात्यासारखी चुणून कोंबलेली. हवा बिचारी घाट चढून येत होती. चार फूट कापली, उरलेली ताठ ओढली आणि रुंद पट्टीने टांगली, कारण तारेने टांगली की तिथेच आवळते. ग्लासवूलमुळे अंग असं खाजत होतं की रात्री भिंतीला पाठ घासत बसलो, म्हशीसारखा.

आठवडा कोरडा गेला. मग मेकॅनिक आपणहून उगवला, वर मान करून पाच मिनिटं बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "में कीधुंतुं ने काका, वांधो नथी!" व्हिजिटचे तीनशे रुपये घेतले आणि ती कापलेली चार फूट नळी काखेत मारली, "बीजी साइट पर काम लागशे."