कोपऱ्यावरच्या बिस्ट्रोत रात्री कसे जेवावे

सोलापूर आता मोठे शहर झाले आहे, याविषयी कोणी मनात शंका ठेवू नये. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमान उडाले आणि आता सात रस्त्यापासून जुळे सोलापुरापर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर ‘बिस्ट्रो’, म्हणजे फ्रेंच थाटाचे छोटेसे उपाहारगृह, अशी पाटी दिसू लागली आहे. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार, हा प्रश्न मोठ्या शहरात विचारायचा नसतो. आज रात्री कोणत्या बिस्ट्रोत जायचे, हा विचारायचा असतो. गेल्या रविवारी आम्ही सहकुटुंब अशा एका ठिकाणी जेवून आलो. त्या अनुभवाच्या बळावर, आपल्यासारख्या सुजाण वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून, थोडे मार्गदर्शन करण्याचे धाडस करीत आहे.

निवड करताना आपण स्वयंपाकघराचा विचार सर्वप्रथम मनातून काढून टाकावा आणि फक्त भिंत पाहावी. भिंतीवर प्लॅस्टिकची हिरवळ असेल, तिच्यावर गुलाबी दिव्याची नळी वळवून एखादे इंग्रजी वाक्य लिहिलेले असेल आणि शेजारी दोरखंडाचा झोपाळा टांगलेला असेल, तर निःशंकपणे आत शिरावे, कारण जेथे फोटो इतके छान येतात तेथे मीठ-तिखटाची चौकशी करणे असभ्यपणाचे ठरते. फळा आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. पॅरिसच्या बिस्ट्रोत त्या दिवशी बाजारात जे मिळाले त्याचे दोन-चार पदार्थ खडूने लिहितात आणि संपले की पुसून टाकतात, एवढाच तेथे फळ्याचा उपयोग. आमच्या बिस्ट्रोतील फळ्याजवळ जाऊन मी बोट फिरवून पाहिले, तर ‘आजचा खास पदार्थ’ ही अक्षरे पांढऱ्या ऑइलपेंटची निघाली. खडूने लिहिल्याचा भास व्हावा म्हणून अक्षरांच्या कडा मुद्दाम खरखरीत ठेवल्या होत्या आणि खालच्या खाचेत कोऱ्या खडूंचे दोन तुकडे शोभेला मांडले होते. आजचा खास पदार्थ उन्हाळ्यापासून तोच आहे, असे वाढणाऱ्या मुलाने अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले.

मोबाईलवर दिसणाऱ्या ताऱ्यांवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवावा. जेवण अर्धे व्हायच्या आतच एक जण येऊन टेबलावरचा चौकोन स्कॅन करायला सांगतो, पाच तारे देऊन ते गल्ल्यावर दाखवले की ब्राउनीचा तुकडा फुकट मिळतो, आणि त्या तुकड्याला जागून शहरातील शेकडो सज्जन न खाल्लेल्या पदार्थांचीही तोंडभरून स्तुती करतात.

जाण्यासाठी रविवारची रात्र, साडेआठची वेळ उत्तम.

घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून न्यावे. सत्तरी ओलांडलेल्या मावशी उंच स्टुलावर पाय लोंबकळत ठेवून बसल्या की तेथील वातावरणाला शोभा येते.

आपसांत काही बोलायचे असेल तर ते घरीच उरकून निघावे; स्पीकर आपल्या डोक्यावरच असतो.

पदार्थांची यादी हातात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ती मोबाईलवर उघडते, आणि तीही आपण आपला नंबर व जन्मतारीख त्यांना सादर केल्यानंतरच. यादीत परके वाटेल असे काहीच नसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते बहुधा तिच्या कडक भाकरीचे चार तुकडे करून, त्यांवर हिरवा गर थापून, २८० रुपयांना विकता यावी म्हणूनच. जिल्ह्याच्या आठवडी बाजारांतून नावारूपाला आलेली बाजार आमटी येथे चिनी मातीच्या इवल्याशा पेल्यात येते आणि ती भुरकायची नसून चमच्याने टिपायची असते. शेंगाचटणी मागितली तर बशीच्या कडेला बोटाने ओढावी तशी एक तांबूस रेघ मिळते. मशरूमचा पास्ता मात्र खरोखरच चांगला होता, हे नमूद केले पाहिजे. आत कोणाला तरी स्वयंपाक येतो, आणि त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपण विशेष तयारीने जावे. ज्या फ्रान्समधून हा सगळा थाट उचलला आहे, तेथे जेवणाबरोबर साध्या पाण्याचा जग आणि पाव यांचे वेगळे पैसे घेता येत नाहीत, आणि पाणी मोफत मिळते हे २०२२ पासून उपाहारगृहांना ग्राहकाच्या नजरेस पडेल असे लिहूनच ठेवावे लागते. आपल्याकडे फळा आला, झोपाळा आला. जग तेवढा वाटेत राहिला. मी तो मागितला तेव्हा ‘सर, आमच्याकडे रेग्युलर वॉटर नसते’ असे उत्तर मिळाले, आणि काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात ते खरेही असू शकेल, म्हणून मी गप्प बसलो. मग २० रुपये छापलेली बाटली ६० रुपयांना आली. याविरुद्ध ओरडण्यात अर्थ नाही, कारण उपाहारगृहे छापील किमतीपेक्षा जास्त दराने पाणी विकू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. तेथे आपण नुसती बाटली विकत घेत नसतो, तर बसण्याची जागा, वातावरण आणि सेवाही घेत असतो, असा त्यामागचा विचार आहे. ठीक आहे. म्हणजे सेवेचे पैसे बाटलीतच वसूल झाले, हे आपण लक्षात ठेवावे.

कारण त्यानंतर बिल येते. बिल आल्यावर आपण ते वाचू नये, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे. चष्मा घरी ठेवूनच जावे. मी तो लावला आणि वाचले: पदार्थांचे २,४०० रुपये, त्याखाली ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ म्हणून २४० रुपये, मग २,६४० वर ५ टक्के जीएसटी म्हणजे १३२ रुपये, एकूण २,७७२. ज्या सेवेचे पैसे बाटलीत घेतले त्याच सेवेचे पैसे पुन्हा घेतले, त्या बाटलीच्या ६० रुपयांवरही १० टक्के घेतले, आणि या मनाने लावलेल्या रकमेवर करसुद्धा माझ्याकडूनच घेतला! मॅनेजरला विचारले, तर म्हणाला, ‘सर, ते कंपल्सरी आहे, सिस्टीममधूनच येते.’ कंपल्सरी कोणी केले? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी स्पष्ट सांगितले आहे की, असा सेवा-आकार बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कोणत्या नावानेही घ्यायचा नाही, ग्राहकावर सक्ती करायची नाही, आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून वर जीएसटी तर मुळीच लावायचा नाही. उपाहारगृहांच्या संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे कायम ठेवली. मी हे सांगत असताना मॅनेजर माझ्या डोक्यावरून दाराकडे, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाकडे, पाहत होता. आमच्या टेबलाशी राबणाऱ्या मुलाला मी विचारले, ‘बाळा, या २४० मधले तुला किती मिळतात?’ त्याने आधी मॅनेजरकडे पाहिले, मग पुसलेलेच टेबल पुन्हा पुसायला घेतले. पॅरिसात १९८७ पासून सेवेचे मूल्य पदार्थाच्या किमतीतच धरून छापावे लागते. भाव काय तो आधी कळतो, शेवटी खिशात हात घालत नाहीत.

बरीच हुज्जत घातल्यावर ते २४० रुपये कमी झाले. कसे झाले, तेही ऐका. आकार खोडला नाही. खाली ‘गुडविल डिस्काउंट’ अशी ओळ घालून वजा केला, म्हणजे त्याच्यावरचे १२ रुपये कराचे तसेच राहिले आणि २,५२० ऐवजी २,५३२ भरायला सांगितले. माझेच पैसे मला परत देऊन वर उपकार! ते १२ रुपयेही मी सोडले नाहीत. नवे बिल होईपर्यंत गल्ल्यापाशी उभा राहिलो.

आणि आता, वाचकहो, उपरोध बाजूला ठेवून सरळच बोलतो, कारण मला त्या मॅनेजरपेक्षा जास्त राग तुमचा आला आहे. मी उभा असताना शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ काय म्हणाले ठाऊक आहे? ‘जाऊ द्या हो काका, अडीचशे रुपयांसाठी कशाला तमाशा?’ त्यांच्या बिलात तोच आकार होता. त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाही, फोन पुढे केला, पैसे भरले, पाच तारे दिले आणि ब्राउनी खाल्ली. मंडईत मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी म्हातारीशी वाद घालणारी हीच माणसे! रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले की तुमचा आवाज चौकभर ऐकू येतो, आणि गार हवेत, गुलाबी दिव्याखाली कोणी इंग्रजीत ‘कंपल्सरी’ म्हटले की तुमची जीभ टाळ्याला चिकटते. चार लोक पाहतील म्हणून तुम्ही गप्प बसता, आणि तुम्ही गप्प बसणार हे त्या मालकाला पक्के ठाऊक आहे. त्याच भरवशावर तो आकार त्याच्या सिस्टीममध्ये आहे. गल्लीतल्या पोराने कर्ज काढून नवे हॉटेल टाकले तर मला आनंदच आहे. त्याने पास्ता ४०० ला विकावा, ४५० ला विकावा, भाव पाटीवर लिहावा, परवडेल तो खाईल. पण जेवून झाल्यावर हात धुतलेल्या माणसाकडून न सांगितलेले पैसे काढायचे नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी बिल हातात घ्या, चष्मा लावा, ओळन्‌ओळ वाचा आणि तो आकार डिस्काउंट म्हणून नव्हे, मुळातून काढून नवे बिल मागा. नाही दिले तर तिथेच बसून १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावा. आणि तेवढीही हिंमत नसेल तर निमूट पैसे भरून घरी जा. पण मग रात्री अकरा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर ‘काय लूट चालली आहे बघा’ म्हणून बिलाचा फोटो टाकू नका, आणि मला तर तो मुळीच पाठवू नका.