जोबॅकमध्ये गट मोजले की झालं, असं नाही

नागपुरात प्रोजेक्टचे दिवस आले की केमिकल इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. म्हणे, जवसाच्या तेलातली फॅटी अ‍ॅसिड्स सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडमध्ये (म्हणजे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही इतक्या तापमान-दाबाखालच्या) किती विरघळतील हे काढायला प्रयोग नको. जोबॅक पद्धतीने, म्हणजे रेणूतले अणुगट मोजून त्यांच्या ठरलेल्या आकड्यांची बेरीज करून, क्रांतिक तापमान आणि दाब (ज्यांच्या पलीकडे हा भेद उरत नाही ते) काढा, पेंग-रॉबिन्सन या दाब-तापमान-आकारमानाच्या समीकरणात टाका, उरलेली चूक के-आय-जे (दोन पदार्थांच्या जोडीसाठी त्यात जुळवून घालायचा आकडा) सांभाळतो.

‘गट मोजले की क्रांतिक तापमान मिळतं.’ वही काढा आणि या तेलातलंच एक, स्टिअरिक अ‍ॅसिड घ्या. एक मिथाइल, सोळा मेथिलीन, एक कार्बॉक्सिल. या बेरजेतून उत्कलनबिंदू येतो ७५७ केल्विन. कमी दाबाखाली मोजलेल्या आकड्यांवरून मात्र तो ६४८ च्या आसपास येतो. जोबॅकचं क्रांतिक तापमान म्हणजे उत्कलनबिंदू भागिले गटांवरून येणारी एक संख्या, इथे ०.८०९. पहिला उत्कलनबिंदू घातला तर ९३५ केल्विन, दुसरा घातला तर ८०१. रेणू तोच, सूत्र तेच, फरक १३४ चा! पेंग-रॉबिन्सनमधलं आकर्षणाचं पद या तापमानाच्या वर्गावर चालतं, म्हणजे तिथे ३६ टक्क्यांची तफावत. १९८७ च्या या पद्धतीला नावं ठेवायचं कारण नाही. सूत्रात मोजलेला उत्कलनबिंदू घालता येतो, तो घाला एवढंच.

‘हँडबुकातला क्रांतिक तापमानाचा आकडा घेतला की प्रश्न मिटला.’ लांब साखळीची अ‍ॅसिड्स त्या तापमानाला पोचायच्या आधीच विघटित होतात. तो आकडाही बहुतेक वेळा अंदाजच असतो.

‘के-आय-जे चूक सांभाळतो.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. के-आय-जे जुळवायचा कशाशी? मोजलेल्या विद्राव्यतेशीच ना? मग प्रयोग नको कसा? शिवाय विद्राव्यता समजा ४० अंश सेल्सिअसला काढायची, तर तिथे स्टिअरिक घनच असतं, ते वितळतं ६९ ला. म्हणजे हिशेबात घनाचा बाष्पदाबही लागतो, आणि तो दुप्पट धरला गेला तर विद्राव्यताही दुप्पट येते. ४० अंशाला जुळवलेला के-आय-जे ही सगळी चूक पोटात घेतो. तोच ५५ ला वापरला की विद्राव्यतेचा वक्र भरकटतो.

कार्बन डायऑक्साइडची बाजू मात्र पक्की आहे: क्रांतिक तापमान ३१ अंश, क्रांतिक दाब ७३.८ बार. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी उन्हात ठेवलेल्या भरल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि वायू यांच्यातली रेषाच उरत नाही. डळमळीत आहेत ते अ‍ॅसिडचे आकडे.

म्हणून रिपोर्ट देण्याआधी के-आय-जे न बदलता एकदा ८०१ ने आणि एकदा ९३५ ने वक्र काढा, आणि दोन्ही एकाच आलेखावर छापा.