पॅनेल उतरवायला छपरावर चढू नका

गेले चार दिवस आमच्या कोकणातल्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. 'किनाऱ्यावर सोलर लावू नका. चार महिने पाऊस, वीज शून्य. खाऱ्या हवेने दोन वर्षांत सगळं गंजतं. लाईट गेली की सोलरही बंद. लावलंच असेल तर वादळाचा इशारा येताच पॅनेल सोडवून घरात ठेवा.' तो वाचून आत्याने सोलरचं ठरलेलं काम रद्द केलं. तरी मी गप्प होतो. काल काकीचा फोन आला, "तुझे काका पाना घेऊन वर चढलेत."

म्हणून आधी हा शेवटचा मुद्दा. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. उजेड आहे तोवर ते वीज करतं, ढगाळ हवेतही. काकांच्या स्लॅबवर 6 पॅनेल एकापुढे एक जोडलीत, म्हणजे वायरींत 250 व्होल्टच्या वर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. चालू असताना जोड ओढला की ठिणगी उडून विझत नाही, जळत राहते. त्यात शेवाळलेला स्लॅब, आणि हातात 25 किलोंहून जड, दाराएवढं पॅनेल. वारा शिरला की माणसासकट उचलेल. काका उतरले तेव्हा दोन बोल्ट त्यांच्या खिशात होते. ते बसवायला मिस्त्री बोलवावा लागला. बोल्ट आणि क्लॅम्प पावसाआधी तपासून घ्या. इशारा आला की इन्व्हर्टरजवळचा (पॅनेलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारा डबा) आधी एसी, मग डीसी स्विच बंद करा आणि घरात बसा.

गंजाचं म्हणणं अर्धं खरं आहे, कबूल. नुसता रंग मारलेला लोखंडी सांगाडा आपल्याकडे टिकत नाही. जस्तात बुडवलेला सांगाडा आणि स्टेनलेसचे बोल्ट मागा. पॅनेलच्या माहितीपत्रकावर आयईसी 61701 हा आकडा शोधा, ती खाऱ्या हवेची चाचणी आहे. तो नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

लाईट गेली की बॅटरी नसलेला साधा सोलर बंद होतो, हेही खरं. पण त्यात फसवणूक कसली? खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय आहे. 2020 च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती. तशा वेळेसाठी बॅटरी लागते, खर्चही वाढतो.

पावसात वीज कमी होते, शून्य नाही. नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये उरलेली युनिटं पुढच्या बिलांत वळती होतात, शेवटचा हिशेब मार्चअखेर. म्हणून आत्याला सांगितलं, दिवाळीनंतर काम काढ, मार्चपर्यंत मीटर बसू दे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. मुंबईकरांच्या वर्षभर बंद असलेल्या घराला मात्र मी 'लाव' म्हणणार नाही, तिथे वाचवायला बिलच नसतं.

आत्याची खरी अडचण मेसेजमध्ये नव्हतीच. स्लॅबच्या दक्षिणेला दोन माड आहेत, आणि एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी अख्खी ओळ मंदावते. सकाळी दहापासून तीनपर्यंत सावली कुठे सरकते, त्याच्या खुणा ती आता खडूने स्लॅबवर करतेय.